तलावाकाठी लाल झालेली हळद

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात सापडला हे कोणी विचारलं, तर मला जुन्या वह्या काढाव्या लागतील. डोंगरातल्या त्या छोट्या तलावाची हकिगत मात्र आजही तारीखवार सांगता येईल इतकी लख्ख आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असतील-नसतील. तरीही चौतीस वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या प्रकरणानं.

आमचं घराणं हैदराबादचंच. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत तीन पिढ्या गेल्या. आजोबा महसूल खात्यात होते, वडील कोर्टात, आणि घरातला पहिला पोलीस मी. घरी मराठी, रस्त्यावर दखनी, कचेरीत तेलुगू अशा तीन भाषांच्या आधारानं नोकरी झाली.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. परवाने सैल झाले होते आणि शहराभोवती नवे कारखाने उभे राहत होते. ज्या रस्त्यांवर पूर्वी दिवसाला दोन बसगाड्या यायच्या तिथं आता मालट्रक आणि टँकर धावू लागले होते. त्याच सुमारास शहराच्या पश्चिमेला, डोंगराळ मुलखातल्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर म्हणून माझी बदली झाली. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, पुढं कौलारू पडवी आणि मागं कर्मचाऱ्यांच्या चार खोल्या. हद्द मात्र एवढी मोठी की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला जीपला अर्धा दिवस लागे.

हद्दीत एक तलाव होता. दोन टेकड्यांच्या मधली खोलगट जागा मातीच्या धरणानं अडवून केलेला. धरण फार उंच नव्हतं, पण आतून दगड नीट बसवलेले, एका अंगाला सांडवा आणि मध्ये पाणी सोडायचं लोखंडी दार. खालच्या दोन-तीन गावांची भातखाचरं त्याच्यावर पिकायची. वरच्या अंगाला तीन ओढे येऊन मिळायचे आणि प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी पाण्याचा एक फाटा आत शिरलेला. पाटबंधारे खात्याचा एक चौकीदार धरणावरच्या खोलीत राहायचा. अबोल माणूस. दार किती फेरे उघडायचं आणि कधी बंद करायचं, एवढंच त्याचं जग.

वैशाखातल्या एका सकाळी हा चौकीदार सायकल दामटत ठाण्यात आला. धाप लागलेली. सांगायला लागला तेही तुटक तुटक. गावातल्या लोकांनी एका म्हातारीला धरणाजवळच्या चिंचेला बांधलं आहे, तिनं बाणामती केली असं म्हणतात, आणि तिचे दात पाडायला माणूस बोलावला आहे. आपण भानामती म्हणतो तीच ही. जिच्यावर संशय तिचे दात पाडले की तिचा मंत्र फुका जातो, अशी तिकडची समजूत. मी येण्याआधी त्या भागात अशी एक बाई मेलेली होती.

मी, हेड कॉन्स्टेबल आणि तीन शिपाई जीपनं निघालो. हेड कॉन्स्टेबल माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, शहरातल्या जुन्या भागातले, नमाजी माणूस. सगळे त्यांना जमेदार म्हणत. वाटेत त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, की पोचल्यावर ओरडायचं नाही, आधी गाडी म्हातारी आणि लोकांच्या मध्ये उभी करायची. मी तसंच केलं. जमाव शंभरेक माणसांचा असेल. जीप मध्ये आली तसे लोक दोन पावलं मागं सरले, आणि तेवढ्यात जमेदारांनी दोर कापला.

म्हातारी परटीण होती. साठीच्या पुढची, विधवा, एकटी. गाव तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणायचं. ओठ फुटला होता, पण दात शाबूत होते. आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो असतो तर हे वाक्य मला लिहिता आलं नसतं.

तक्रारदार होता नवऱ्यामुलाचा बाप. गावातला वजनदार शेतकरी. त्याची हकिगत अशी. मुलाचं लग्न तीन दिवसांवर होतं. हळदीच्या समारंभातले कपडे घरच्या बायकांनी तलावाच्या एका फाट्यात धुवायला नेले. पाण्यात बुडवल्याबरोबर पिवळे कपडे रक्तासारखे लाल झाले. त्याच दिवशी मुलगा मित्रांबरोबर तिथंच पोहायला गेला. नाका-तोंडात पाणी गेलं. संध्याकाळपर्यंत तोंडात फोड, उलट्या, घशातून आवाज निघेना. त्याला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. काठावर दोन म्हशी मरून पडल्या होत्या आणि मासे उलटे तरंगत होते. आणि या परटिणीनं आठवडाभर आधीच गावाला सांगितलं होतं, की त्या फाट्यात उतरू नका, पाणी वाईट झालं आहे.

“तिला आधी कसं कळलं?” तो मला विचारत होता. “जिनं केलं तिलाच कळणार.”

खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही बिनतोड वाटला. बाणामतीवर माझा विश्वास नव्हता. पण दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, की काहीतरी जहाल पोटात गेलं आहे. तेव्हा माझ्या मनात विषप्रयोगाचा संशय आला. पाण्यात किंवा कपड्यांवर हिनंच काही टाकलं नसेल कशावरून? मी दोन गुन्हे नोंदवले. एक म्हातारीला मारहाण करणाऱ्यांवर, दुसरा अज्ञात इसमावर, विष देण्याचा. लाल झालेले कपडे पंचनामा करून जप्त केले, सीलबंद केले, आणि म्हातारीला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणलं. कागदावर ती संरक्षणासाठी होती. माझ्या मनात ती संशयित होती.

दुपारी तिची जबानी घेतली. मी विचारत होतो, जमेदार लिहीत होते. ती फार बोलायची. मुद्द्यावर ये म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. कोणता कपडा कोणाच्या घरचा, कोणत्या कपड्याला किती सोडा लागतो, कोणत्या फाट्याचं पाणी जड आणि कोणत्याचं हलकं. मी तिला तीन-चारदा दरडावलं. जमेदारांना सांगितलं की थोडक्यात लिहा, आरोप नाकारते एवढं पुरे. ते जी साब म्हणाले आणि लिहीत राहिले.

बाईमाणसाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही हा नियम. जमेदारांनी तिला मागच्या खोलीत स्वतःच्या घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं तिला जेवू घातलं, ओठाला औषध लावलं. सकाळी पाहतो तर म्हातारी ठाण्याच्या विहिरीवर शिपायांच्या वर्द्या धूत होती. कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं बसून राहणं तिला जमत नाही, असं तिचं म्हणणं.

दोन दिवस गेले. गावातून माणसं यायची आणि अटक कधी करता म्हणून विचारायची. नवऱ्यामुलाचा बाप पडवीत येऊन बसायचा. त्याला तरी काय दोष देऊ? लग्न मोडलं होतं आणि मुलगा दवाखान्यात होता. मला निकाल हवा होता. म्हणून जप्त कपडे घेऊन मी स्वतःच शहरातल्या प्रयोगशाळेत गेलो. तिथं मुद्देमाल जमा केला. अहवालाला किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. तसाच वैतागून सुलतान बाजारला घरी जेवायला गेलो.

आई वाढत होती. पोलिसानं घरी प्रकरण सांगू नये असा माझा दंडक होता. त्या दिवशी तो मोडला. हळदीचे कपडे रक्तासारखे लाल झाले, हे ऐकून आईनं हातातली पळी थांबवली.

“अरे, हळदीला साबण लागला की ती लाल होतेच,” ती म्हणाली. “कुंकू कशाचं करतात? हळदीला खार चढवूनच ना? पण स्वच्छ पाण्यात खळबळलं की डाग परत पिवळा होतो.”

मी म्हटलं, साबण लावलाच नव्हता. नुसतं पाण्यात बुडवलं, आणि कितीही खळबळलं तरी लालच राहिलं.

“मग पाण्यातच खार असणार. ती परटीण काय म्हणते? जन्मभर कपडे धुतलेली बाई, तिला विचारलंस का?”

विचारलं होतं. तिनं सांगितलंही होतं. आणि मी तिला गप्प बस म्हणालो होतो.

मिळेल त्या बसनं ठाण्यात परतलो आणि पहिल्यांदा जबानीचे कागद काढले. जमेदारांनी माझं ऐकलं नव्हतं. साडेचार पानं होती, शब्द न् शब्द तिचा. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘आठवड्यामागं दुसऱ्या एका घरचे हळदीचे कपडे धुताना साबण न लावता हळद लाल झाली. खळबळून पिवळी झाली नाही. त्या फाट्याच्या पाण्यात कोणीतरी सोडा कालवल्यासारखं झालं आहे. माझ्या हाताची साल निघाली. धरणाकडचं पाणी चांगलं आहे. म्हणून मी लोकांना तिकडे धुवा म्हणून सांगितलं.’ खाली तिचा अंगठा होता आणि माझी सही. मी न वाचता सही केली होती.

मी जमेदारांना विचारलं, की थोडक्यात लिहा म्हटलं असताना एवढं का लिहिलंत. ते म्हणाले, “साब, जबानी उस की है. मैं कायकू काटूं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अव्वाला घेऊन तलावावर गेलो. जाताना जमेदारांच्या पत्नीनं जुन्या पांढऱ्या धोतराच्या वीतभर पट्ट्या हळदीत भिजवून वाळवून दिल्या होत्या. कल्पना माझी नव्हती, अव्वाची होती. मी गावातल्या पाच पंचांना बोलावलं आणि नवऱ्यामुलाच्या बापालाही. अर्धं गाव मागोमाग आलं. चौकीदारानं धरणावरून वाट दाखवली.

पहिली पट्टी अव्वानं धरणाच्या दाराजवळ बुडवली. पिवळीच राहिली. पाणकाठानं शंभर पावलं चालून दुसरी बुडवली. पिवळी. पहिल्या फाट्याशी पिवळी. दुसऱ्या फाट्यात, जिथं कपडे धुतले होते, तिथं पट्टी पाण्याला लागली मात्र, कडेपासून लाल होत गेली. मागून लोकांचा गलबला झाला. अव्वानं वळूनही पाहिलं नाही. पदर खोचून ती ओढ्याच्या काठानं वर चढू लागली. उन्हाळ्यात त्या ओढ्याला बोटभर धार होती. दर पन्नास-साठ पावलांवर एक पट्टी. लाल, लाल, आणखी गडद. असं करत आम्ही टेकडीच्या खांद्यावरून जाणाऱ्या डांबरी रस्त्यापाशी पोचलो. ओढा रस्त्याखालच्या एका मोरीतून येत होता. मोरीच्या खालच्या बाजूला गवत जळून गेलं होतं, दगडांवर पांढरट थर जमला होता आणि नाकाला झोंबणारा वास होता.

मोरीच्या वरच्या बाजूला जाऊन अव्वानं शेवटची पट्टी काढली. नवऱ्यामुलाच्या बापानं ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः वाकून पाण्यात बुडवली. बराच वेळ धरून ठेवली. वर काढली तेव्हा ती पिवळी होती. तो तसाच ओल्या दगडावर बसला. बाणामती रस्त्याच्या एकाच बाजूला कशी चालते, हे त्याला मी समजावून सांगायची गरज उरली नाही.

रस्त्याच्या कडेला जड गाडीच्या चाकांचे ठसे होते, एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबल्याचे. पंचनामा केला, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले. पाटबंधाऱ्याच्या माणसांना कळवून त्या फाट्याच्या तोंडाशी मातीच्या पोत्यांचा आडबांध घालून घेतला. चौकीदारानं पाणी सोडायचं दार बंद करून टाकलं. त्याच्या त्या नोकरीत वरून हुकूम आल्याशिवाय त्यानं दाराला हात लावल्याची ही पहिलीच वेळ होती.

मग सापळा. दोन शिपाई साध्या कपड्यांत, शेळ्या घेऊन मोरीजवळच्या झाडाखाली बसवले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसताना, एक टँकर येऊन थांबला. चालक उतरला, त्यानं नळी ओढ्यात सोडली आणि चावी फिरवायला वाकला, तिथंच त्याला धरला.

चालक पन्नाशीचा, दखनी बोलणारा, चार लेकरांचा बाप. पहिला दिवसभर त्याचं एकच पालुपद होतं. इंजिन तापलं म्हणून थांबलो, टँकरमध्ये काय आहे मला ठाऊक नाही. कागदांवर माल दुसऱ्याच गावच्या एका जागी शुद्ध करायला न्यायचा म्हणून लिहिलेलं, आणि तिथं पोचल्याचे शिक्के आधीच मारलेले. त्या काळी अशा वेळी पट्टा काढणारे अधिकारी पुष्कळ होते. मीही काही साधुसंत नव्हतो. पण आठवड्यापूर्वीच दरडावण्याचं फळ पाहिलं होतं. मी तेच ते प्रश्न शांतपणे विचारत राहिलो आणि त्याची सगळी उत्तरं पूर्ण लिहून घेत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत बसला होता. अंगणात अव्वा धुतलेल्या वर्द्या दोरीवर घालत होती. तिला अजून गावी पाठवलं नव्हतं. त्यानं जमेदारांना विचारलं, ही बाई कोण. जमेदारांनी सगळं सांगितलं. झाडाला कसं बांधलं होतं, दात पाडायला कोण आलं होतं, हळद का लाल झाली. तो ऐकत राहिला. मग त्यानं आपले दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. त्यांचीही साल निघालेली होती. थोड्या वेळानं त्यानं मला बोलावणं पाठवलं.

“अम्मा को घर भेज देव साब,” तो म्हणाला. “मैं बोलतूं.”

त्यानं सगळं सांगितलं. शहराबाहेरच्या रस्त्यावर औषधाच्या कच्च्या मालाचा एक नवा कारखाना निघाला होता. तिथलं खार मिसळलेलं, जहाल पाणी लांब नेऊन शुद्ध करून घ्यायचं असा कायदा. पण लांबच्या फेरीला दिवस जातो, म्हणून तिथल्या मॅनेजरनं त्याला डोंगरात कुठंही ओतून संध्याकाळपर्यंत परत यायला सांगितलं होतं. हे साबणाचं पाणी आहे, त्यानं काही होत नाही, असं म्हणून. खाली तलाव आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. रस्त्यावरून तो दिसतही नाही.

कोर्टात तो माफीचा साक्षीदार झाला. त्याची नोकरी गेली. कारखान्याच्या बाजूनं माणसं त्याच्या घरी जाऊन आली, पण त्यानं साक्ष फिरवली नाही. खटला पुष्कळ रेंगाळला. शेवटी मॅनेजरला शिक्षा झाली. मालक सुटला. कायदा तेव्हा नवा होता, आणि आम्हालाही त्याची कलमं पुस्तकात बघूनच लावावी लागली. त्या कारखान्याचा टँकर मात्र पुन्हा त्या डोंगरात दिसला नाही.

नवरामुलगा बरा झाला. आवाज थोडा घोगरा राहिला. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं. त्याचा बाप अव्वाला न्यायला बैलगाडी घेऊन स्वतः ठाण्यात आला. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर ती मागं सरली. आपल्याला पाया पडून घ्यायची सवय नाही, म्हणाली. गाडीत मात्र बसली. मारहाण करणाऱ्यांवरचा गुन्हा मी मागं घेऊ दिला नाही. तोही तिचाच आग्रह होता. ज्यानं ओठ फोडला तो शेजारचाच आहे, त्याच्यावर राग नाही, पण पुढच्या म्हातारीला कोणी बांधू नये, असं तिनं सांगितलं.

जाण्याआधी मी तिला बाजूला घेतलं. माफी मागायची म्हणजे काय बोलायचं हे पोलिसाला शिकवत नाहीत. मी एवढंच म्हणालो, की अव्वा, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही.

ती म्हणाली, “त्या दिवशी तू गाडी आडवी घातलीस, बिड्डा. पुढचं सगळं त्यामुळंच.” तिकडं लेकराला बिड्डा म्हणतात.

दुसऱ्या वर्षी तलाव भरून सांडव्यावरून वाहिला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फाट्यात पुन्हा मासे दिसू लागल्याचं चौकीदारानं कळवलं. पोस्टकार्डावर दोनच ओळी होत्या.

त्यानंतर मी जिथं जिथं ठाणं सांभाळलं तिथं एक पद्धत पाडली. जबानी कितीही लांबली तरी कापायची नाही, आणि सही करण्याआधी ती त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायची. काही सहकारी हसायचे. पण लोक दोषी असोत की निर्दोष, महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा ते सांगून टाकतात. ती बोलण्याच्या ओघात, आपल्याला बिनकामाची वाटणाऱ्या जागी असते. या सवयीमुळं पुढं दोन निरपराध माणसं माझ्या हातून तुरुंगात जायची वाचली. त्यांना कधी कळणारही नाही, की त्यांच्या सुटकेत एका परटिणीचा वाटा आहे.

तो टँकरचालक पुढं शहरात आबिड्सला पोस्टासमोर ऑटोरिक्षा चालवताना मला भेटायचा. भेटलो की आम्ही चहा घ्यायचो. मुलं शिकल्याचं सांगायचा. जमेदार निवृत्त झाल्यावर दर ईदला मी त्यांच्या घरी जात राहिलो, ते गेले त्या वर्षापर्यंत. अव्वाही गेली, आणि माझी आईही.

या प्रकरणासाठी मला वरिष्ठांकडून प्रशस्तिपत्र मिळालं. शहरातच तारनाक्याच्या आताच्या घरात बैठकीच्या भिंतीवर ते लावलेलं आहे. त्यात ‘कुशाग्र तपासाबद्दल’ असे शब्द आहेत आणि खाली एकट्या माझं नाव आहे. या लेखात मी कोणाचंच नाव लिहिलेलं नाही, तसा शिरस्ता आहे. पण नातवंडं भिंतीकडं बोट दाखवून विचारतात, तेव्हा मी त्यांना समोर बसवतो आणि सायकल दामटत आलेल्या चौकीदारापासून सुरुवात करून एकेकाचं पूर्ण नाव घेऊन सांगतो. माझं सगळ्यात शेवटी.